ब्लॅकआउटमधलं पत्र

रविवारी सकाळी वसुंधरा रिक्षातून उतरली तेव्हा तिच्या एका हातात कापडी पिशवी होती आणि दुसऱ्या हातात लाल पेन. हरिश्चंद्र चुरींनी ओटीवरून ते पाहिलं आणि गुपचूप चष्मा काढून बंडीच्या खिशात टाकला. चष्मा नसला की कोणी काही वाचायला सांगत नाही, हा त्यांचा जुना शोध.

"दादा, खिशातला चष्मा काढ. काडी बाहेर दिसतेय," गेटमधूनच ती म्हणाली.

इतिहासकार बहीण असली की असं होतं.

मुळात हा गौरवग्रंथ वसुंधराच्या पंचाहत्तरीला निघायचा होता. आता तिला अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं. उशीर कोणी केला? तिनेच. बाकीची माणसं आपल्या गौरवग्रंथाच्या दिवशी शाल घ्यायला येतात. ही चुका काढायला आली होती. माझ्याबद्दल छापणार तर खरं छापा, असं म्हणून तिने घरातल्या सगळ्यांचे लेख मागवले आणि एकेक करून परत पाठवले.

परेशच्या लेखाचं नाव होतं 'माझी लाडकी आत्या'. तिने 'लाडकी' खोडून समासात लिहिलं, 'हे मत झालं.' हरिश्चंद्रांच्या बायकोने, प्रेमलताने, नातीला सांगून लिहून घेतलं होतं की आमच्या लग्नात वन्सं ढसाढसा रडल्या. त्यावर शेरा आला, 'मे १९७१. मला रजा मिळाली नव्हती. कोण रडलं ते शोधा.' ते शोधायला घरात तीन दिवस गेले. आगाशीची मावशी निघाली.

आज मात्र शेवट होता. चार वाजता सांडोरहून फ्रान्सिस प्रेसवाला येणार, पानं घेऊन जाणार, उद्या छपाई. पुढच्या रविवारी समारंभ. साडेतीनशे आमंत्रणं गेलेली. म्हणून परेशने सगळ्यांना भुईगावच्या घरी बसवून घेतलं होतं आणि आत्या जेवायला येणार म्हणून प्रेमलताने मागच्या अंगणात मडक्यात कंद आणि शेंगा भरून उकडहंडी लावायला घेतली होती.

"आत्याआजी, माझ्या लेखात काय सापडलं?" आर्याने विचारलं. आर्या म्हणजे परेशची मुलगी, बीएच्या शेवटच्या वर्षाला. घरात वसुंधराला न घाबरणारी एकटी.

"तुझ्यात एकच चूक. मी 'युद्धात लढले' असं लिहिलंयस. मी लढले नाही. मी लष्करी इस्पितळात नर्स होते. लढणाऱ्यांच्या पट्ट्या बदलत होते."

"म्हणजे युद्धातच ना?"

"युद्धात होते. लढले नाही. दोन्हीत एका बंदुकीचा फरक आहे."

गावात तिला कोणी कॅप्टनबाई म्हणायचं, कोणी प्रोफेसरबाई. देवळाची कमिटी काय म्हणायची ते लिहिण्यासारखं नाही. बाविसाव्या वर्षी वडिलांशी, म्हणजे भाऊंशी, भांडून ती लष्करात नर्स झाली. एकाहत्तरचं युद्ध पूर्वेकडच्या एका इस्पितळात काढलं. कॅप्टन होऊन बाहेर पडली, तिशीत पुण्याला जाऊन मोडी लिपी शिकली आणि मग एमए, पीएचडी, कॉलेजातली नोकरी. वसईच्या वाड्यांतल्या बावखलांवर, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्यांवर, तिचं पुस्तक आहे. कुठली बावखल कोणी खणली, पाणी कोणाच्या केळीला जायचं, सगळं कागदोपत्री. आणि चौऱ्याण्णव साली तिने देवळाची दोनशे वर्षांची सनद हातात घेतली, उजेडात धरली आणि म्हणाली, "कागद सत्तर वर्षांचा आहे." झालं. चुरींच्या घरी दोन वर्षं प्रसाद आला नाही.

"आता पहिलं पान बघा," ती म्हणाली आणि पिशवीतून एक प्लास्टिकची फाइल काढली. "हे मी आत्तापर्यंत कोणाला दाखवलं नव्हतं. सगळ्यात पुढे हे जाणार."

हरिश्चंद्रांनी पाहिलं आणि चष्म्याशिवायच त्यांना ते दिसलं. पिवळा पडलेला कागद, चार घड्या, काळी शाई, मोडी अक्षर.

त्यांनी खिशातला चष्मा आणखी खाली दाबला.

"भाऊंचं पत्र," वसुंधरा म्हणाली. तिचा आवाज एरवी कसा, फळ्यावर खडू ओढल्यासारखा. आत्ता तो मऊ होता. "दहा डिसेंबर एकाहत्तर. मी घरातून गेल्यावर भाऊ माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. पुढे मेले तोवर नाही. पण हे एक पत्र त्यांनी पाठवलं. मला मोडी कुठे येत होती? भाऊंनी दादाला शिकवलं. मी विचारलं तर म्हणाले, मुलीला कशाला. वॉर्डात साताऱ्याकडचे एक म्हातारे सुभेदार होते, पाय गेलेला. त्यांनी मला ते वाचून दाखवलं. तेव्हाच ठरवलं, हे मी स्वतः वाचीन. म्हणून मोडी शिकले. म्हणून इतिहासात आले. माझं जे काही झालं ते या कागदावर उभं आहे."

"वाचा ना, आत्याआजी."

तिला बघावं लागलं नाही. "चिरंजीव वसुंधरेस आशीर्वाद विशेष. तुझी पत्रे पावली. तू गेलीस ते योग्य केलेस. जखमी माणसाची सेवा हाच धर्म. इकडची काळजी करू नये. केळी यंदा बरी आहेत."

"केळी?" परेश हसला.

"हसू नकोस. त्या एका वाक्यावर मी तीन परिच्छेद लिहिलेत. वाडीतला माणूस माया कशी बोलतो, तर केळीवरून बोलतो."

हरिश्चंद्रांना ठसका लागला. ते वाक्य कोणी लिहिलं आणि का लिहिलं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. माया वगैरे काही नव्हतं. पान भरत नव्हतं.

"मूळ पत्र समारंभात काचेखाली ठेवणार आहे," वसुंधरा सांगत होती. "विघ्नेशला म्हटलंय, त्यावर दोन शब्द बोल. त्याच्याकडे भाऊंच्या हातचे छप्पन सालचे गावचे कागद आहेत. शेजारी मांडू म्हणाला."

विघ्नेश फुलपाड्याला राहायचा. वसुंधराचाच विद्यार्थी. बनावट कागद कसा ओळखायचा हे तिने त्याला दहा वर्षं शिकवलं होतं, आणि गुरूची चूक काढण्यासारखं सुख नाही, हे तो आपला आपण शिकला होता.

हरिश्चंद्र उठले. "परेश, जरा बावखलीकडे ये. पंप आवाज करतोय."

"पंप बंद आहे, पप्पा."

"म्हणूनच आवाज करतोय. ये."

*

बावखलीच्या काठावर, केळीच्या आड, ऐंशी वर्षांच्या बापाने पंचेचाळीस वर्षांच्या मुलाला सांगितलं की ते पत्र भाऊंचं नाही.

"मग कोणाचं?"

हरिश्चंद्रांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

परेशने आधी बापाकडे बघितलं, मग पाण्याकडे, मग परत बापाकडे. "तुम्ही ध चा मा केलात?"

"ध पण माझा आणि मा पण माझा. अख्खं मीच लिहिलं. ती दर पत्रात विचारायची, भाऊ काय म्हणतात. मी सव्वीस वर्षांचा होतो. मला काय माहीत ती त्याच्यावर पीएचडी करेल?"

"पीएचडी बावखलांवर आहे."

"तेच ते."

परेश बँकेत मॅनेजर होता. समस्या आली की ती पुढच्या तिमाहीत ढकलायची, हा त्याचा स्वभाव. "पप्पा, मूग गिळून बसा. पंचावन्न वर्षं बोलला नाहीत, आणखी एक आठवडा काय जातंय?"

"आणि विघ्नेश?"

"त्याला कळणार नाही."

"त्याला एका मिनिटात कळेल," केळीच्या मागून आवाज आला. आर्या केळीची पानं तोडायला आली होती. हातात कोयता, चेहऱ्यावर 'मी सगळं ऐकलं'. "आबा, साडेतीनशे लोकांसमोर तो म्हणेल, मॅडम, अक्षर जुळत नाही. देवळाची कमिटी पहिल्या रांगेत बसणारे. टाळ्या वाजवतील."

"तू गप," परेश म्हणाला.

"मी नाही गप. आबांनी सांगायला पाहिजे. आत्याआजीचं आहे ते."

"सांगून काय होणार? तिच्याकडे बापाचं एवढंच आहे! ते पण काढून घ्यायचं?"

आता बघा. वाईट दोघंही बोलत नव्हते, आणि हाच हरिश्चंद्रांचा घोटाळा होता. गप्प बसावं तर बहिणीचं हसं. बोलावं तर बहिणीचा बाप जातो. त्यांनी बावखलीत एक खडा टाकला. पाण्याने काही सल्ला दिला नाही.

*

उकडहंडी उघडली तेव्हा दीड वाजला होता. ओव्याचा आणि भाजलेल्या कोनफळाचा वास ओटीभर पसरला. एरवी हरिश्चंद्र या वासाला गेटवरून पळत येणारा माणूस. आज ते ताटातलं रताळं इकडून तिकडे फिरवत होते.

"अहो, खाताय की वाळत घालताय?" प्रेमलता म्हणाली.

"वसू," हरिश्चंद्र म्हणाले. "ते पत्र छापू नकोस."

"का?"

"भाऊंचं नाही ते. मी लिहिलं."

परेशने डोळे मिटले. आर्याने शेंग हातातच धरली.

वसुंधराने घास खाल्ला. नीट चावला. पाणी प्यायली. मग म्हणाली, "पुरावा?"

"अगं, मी सांगतोय ना."

"तू सांगतोयस, पंचावन्न वर्षांनी. तोंडी. शिवाय तुझा यात स्वार्थ आहे."

"माझा कसला स्वार्थ?"

"भाऊ तुला कधी चांगलं म्हणाले नाहीत, हे तुला लहानपणापासून खुपतंय. त्यात त्यांनी मला पत्र लिहिलं. अशा साक्षीदाराची साक्ष मी घेत नाही."

"ऐका!" हरिश्चंद्रांनी बायकोकडे पाहिलं. "चोर म्हणतोय मी चोर, आणि पोलीस म्हणतोय छे छे, तुम्ही सज्जन!"

"वन्संचं बरोबर आहे," प्रेमलता म्हणाली. तिला प्रकरण कळलं नव्हतं, पण नवरा एका बाजूला असला की ती दुसऱ्या बाजूला असायची. "तुम्हाला एवढं चांगलं सुचणारच नाही. 'जखमी माणसाची सेवा हाच धर्म.' मला लग्नानंतर माहेरी एक पत्र लिहिलंत, त्यात काय होतं? येताना सुकेळी आण."

"आत्या म्हणते ते खरं," परेश घाईघाईने म्हणाला. "पप्पांना हल्ली विसरायला होतं. काही आठवतं, काही नाही. पान तसंच राहू दे."

"परेश, मी म्हातारा झालोय, खुळा नाही."

"सिद्ध कर," वसुंधरा म्हणाली. ताट बाजूला सारलं, पिशवीतून कोरा कागद काढला, शाईचं पेन काढलं. बाईच्या पिशवीत काय नव्हतं? "लिही. पहिली ओळ. भाऊंच्या अक्षरात."

हरिश्चंद्रांनी हात धुतले. कागद पुढे ओढला. अक्षर त्यांना आठवत होतं. भाऊंच्या वेलांट्या कशा मागे वळायच्या, शेवटच्या अक्षराला कसा झटका असायचा. डोक्यात सगळं होतं. पण हात ऐंशी वर्षांचा. पेन टेकलं आणि थरथरलं. चिरंजीवच्या 'चि'लाच मुंगी चालून गेल्यासारखं झालं. दोन शब्द झाले आणि ते थांबले.

वसुंधराने भिंग काढलं. मूळ पत्र आणि हा कागद शेजारी ठेवून पाहिलं. मग तिच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तो हरिश्चंद्रांनी ती पहिली आली तेव्हासुद्धा पाहिला नव्हता.

"हे भाऊंचं अक्षर नाही," ती म्हणाली. "हे कोणाचंच अक्षर नाही. हे भूकंपमापकाने काढलंय. दादा, तू खोटं बोलतोयस, आणि तेही वाईट बोलतोयस. जेव."

आर्या आत्याआजीकडे आणि आबांकडे आळीपाळीने बघत होती. तिला कळत होतं की जन्मभर कागदावर संशय घेणारी बाई आज एका कागदाची वकिली करतेय, आणि ती का करतेय हेही कळत होतं. म्हणून तिनेही मान खाली घालून शेंग खाल्ली.

हरिश्चंद्र हरले होते. आणि खरं सांगायचं तर त्यांना थोडं बरं वाटलं. आपण सांगितलं. तिने ऐकलं नाही. आता विघ्नेश जाणे आणि ती जाणे.

"मामंजींचं अक्षर मात्र सुरेख हो," प्रेमलता वाढता वाढता म्हणाली. "नाहीतर त्या साली त्यांचे काय हाल! माझं पहिलं वर्ष सासरी, आणि कामं काय, तर सासऱ्याला भरवायचं. त्यातून तो ब्लॅकआउट. खिडक्यांना काळे कागद. दिवा लावला की पोरं ओरडायची, बंद करा, विमान येईल. अंधारात एकदा भाताचा घास मी त्यांच्या नाकात घातला." ती हसायला लागली. "ते काही बोलले नाहीत. शिंकले फक्त."

वसुंधराचा हात ताटावर थांबला.

"भरवायचं म्हणजे?" तिने विचारलं.

"म्हणजे भरवायचं. हात मोडलेला ना."

"कुठला हात?"

"उजवा. तुळशीचं लग्न झालं आणि दोन दिवसांनी सुपारी उतरवताना शिडीवरून पडले. इथपासून इथपर्यंत प्लास्टर." प्रेमलताने कोपर आणि बोटांची पेरं दाखवली. "संक्रांतीला काढलं. तिळगूळ त्यांनी स्वतःच्या हाताने घेतला, मला आठवतंय."

"मला कोणी कळवलं नाही."

"कसं कळवणार? तुम्ही तिकडे लढाईत. हे म्हणाले, वसूला सांगू नका, काळजी करेल."

"वहिनी." वसुंधराचा आवाज परत खडूसारखा झाला होता. "नीट आठवा. ब्लॅकआउट होता तेव्हा प्लास्टर होतं? नक्की? दोन्ही एकाच वेळी?"

"अहो, नाकात घास कशाने गेला असता? उजेडात मी काय आंधळी आहे?"

आणि मग प्रेमलताला कळलं. एकदम नाही, हळूहळू. नवऱ्याचा चेहरा, परेशचा चेहरा, मधे पडलेला तो पिवळा कागद. हातातली पळी तशीच राहिली.

ब्लॅकआउट कधी होता हे वसुंधराला कोणी सांगायची गरज नव्हती. डिसेंबरचे ते पंधरा दिवस. त्याआधी नाही, नंतर नाही. त्या पंधरा दिवसांत तिच्या बापाचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. साक्षीदार स्वतंत्र. स्वार्थ नाही. काय बोलतोय हे साक्षीदाराला माहीतही नव्हतं. याहून चांगला पुरावा तिने उभ्या आयुष्यात वर्गात सांगितला नसेल.

हरिश्चंद्रांना वाटलं, हे प्लास्टर आपल्याला कसं आठवलं नाही? त्या दोन महिन्यांत घरातलं सगळं लिखाण आपणच करत होतो. भाऊ सांगायचे, आपण त्यांच्याच वळणात लिहायचो. म्हणून तर हात इतका बसला होता.

वसुंधरा उठली. पत्र फाइलमध्ये घातलं. हात धुवून मागच्या दाराने बाहेर गेली.

"मी काय बोलले?" प्रेमलता रडवेली झाली. "मी तर वन्संच्या बाजूने होते!"

"आई, तू कोणाच्या बाजूने असतेस ना, त्याचं काही खरं नसतं," परेश म्हणाला.

"परेश, आजीला बोलू नकोस," आर्या म्हणाली. बापाला ती नावाने हाक मारायची नाही. आज मारली, आणि त्यालाही ते कळलं नाही.

*

वसुंधरा बावखलीच्या वरच्या पायरीवर बसली होती. फाइल मांडीवर. हरिश्चंद्र काठी टेकत गेले आणि उभे राहिले.

"बस," ती म्हणाली. "जपून. शेवाळ आहे."

ते बसले. समोर पाण्यावर केळीचं एक सुकं पान तरंगत होतं.

"तुझं स्वतःचं पत्र आलं असतं तरी चाललं असतं मला," ती म्हणाली.

"माझी आली होती. सात. प्रत्येकाच्या उत्तरात तू विचारायचीस, भाऊ काय म्हणतात."

तिने मांडीवरची फाइल सरळ केली. मग म्हणाली, "ती सात मी ठेवली नाहीत. बदली झाली तेव्हा ट्रंकेत जागा नव्हती. हे एक ठेवलं."

हरिश्चंद्रांना हसू आलं. खरंच आलं. "म्हणजे माझं साहित्य जाळलंस आणि भाऊंचं जपलंस."

"टाकून दिलं. जाळलं नाही. नेमकं बोल."

"बरं. टाकून दिलंस."

"दादा, भाऊ खरं काय म्हणायचे?"

हा प्रश्न येणार हे त्यांना जेवतानाच कळलं होतं. आणि उत्तरही तयार झालं होतं. भाऊंचे डोळे भरायचे. तुझं नाव काढायचे. एका वाक्याचा प्रश्न. सव्वीस वर्षांच्या हरिश्चंद्रांनी ते बेधडक लिहून टाकलं असतं, वर केळीही बरी आहेत म्हणून सांगितलं असतं. वाक्य ओठांवर आलं. शेजारी बहीण बसली होती, पाण्याकडे बघत, आणि ती ते वाक्य मागत होती.

"काही नाही म्हणायचे," ते म्हणाले. "मी तुझी पत्रं वाचून दाखवायचो. शेवटपर्यंत ऐकायचे. मग पाणी मागायचे."

"उठून जायचे नाहीत?"

"नाही. पण बोलायचेही नाहीत."

"या पत्राचं त्यांना माहीत होतं?"

"नाही."

वसुंधराने मान हलवली. वर्गात पोराने बरोबर उत्तर दिलं की हलवायची तशी. "आत्ता काही गोड बोलला असतास ना, दादा, तर परत तुझ्या दारात आले नसते."

"माहितेय. म्हणून तर बोललो नाही. उकडहंडी कोण संपवणार?"

ती हसली नाही, पण तिचे खांदे जरा खाली आले. मग तिने फाइल उघडली. कागद बाहेर काढला आणि एकदम निराळ्या आवाजात, कामाच्या आवाजात म्हणाली, "एक विचारते. कागद लिहिणारा जिवंत समोर बसलाय, असं माझ्या धंद्यात कधी होत नाही. ही जागा बघ."

केळीच्या वाक्याखाली एक ओळ खोडलेली होती. नुसती काट मारलेली नव्हती, वर शाईने गिरगटून पार काळी केलेली.

"ही मी पुण्यात दिव्याखाली धरून बघितली. भिंगाने बघितली. लागत नाही. मला वाटायचं, भाऊंनी रागाचं काही लिहिलं असेल आणि मग दया येऊन खोडलं असेल. काही वर्षं वाटायचं, मायेचं लिहिलं असेल आणि लाजून खोडलं. वय वाढत गेलं तसं माझं मत बदलत गेलं. काय होतं?"

हरिश्चंद्रांनी कागद हातात घेतला. त्यांना काळा डागच दिसत होता. पण ती संध्याकाळ आठवली. काळा कागद लावलेली खिडकी, कंदिलाची वात बारीक केलेली, मागे भाऊंचं खोकणं. आणि पेन.

"'हरी रोज तुझी वाट बघतो,'" ते म्हणाले. "असं होतं."

"मग खोडलंस का?"

"भाऊंनी असं लिहिलं नसतं. तुला संशय आला असता."

आख्ख्या पत्रात एकच ओळ खरी होती, आणि पत्र खरं दिसावं म्हणून तीच खोडली गेली होती. हे तिच्या लक्षात आलं की नाही, हे हरिश्चंद्रांना कळायला मार्ग नव्हता. ती चेहरा पलीकडे करून बसली होती.

घराकडून स्कूटरचा हॉर्न ऐकू आला. मग परेशची हाक. "आत्या! फ्रान्सिसभाऊ आलेत! ते पान ठेवायचं की काढायचं?"

"ठेवायचं!" ती ओरडली. इतकी जोरात की पाण्यावरचा बगळा उडाला.

तिने लाल पेन काढलं. फाइलमधल्या प्रुफावर पत्राच्या फोटोखाली छापलं होतं, 'वडिलांचे पत्र, १० डिसेंबर १९७१.' पहिला शब्द खोडून तिने वर 'भावाचे' लिहिलं. थोडा विचार केला. फोटोतल्या त्या काळ्या ओळीला बाण काढून समासात खोडलेलं वाक्य लिहिलं.

"आणि तुझे तीन परिच्छेद?" हरिश्चंद्रांनी विचारलं. "केळीवरचे?"

"परत लिहीन."

"म्हणजे आता एक्क्याऐंशीचा गौरवग्रंथ."

"फ्रान्सिसला म्हणावं, तासभर थांब. वहिनी वाढतील त्याला." ती उठली नाही. कागद परत त्यांच्या हातात दिला. "वाच."

"तुला पाठ आहे."

"त्या सुभेदाराच्या आवाजात पाठ आहे. तुझ्या आवाजात ऐकलेलं नाही. वाच, पहिल्यापासून."

हरिश्चंद्रांनी कागद डोळ्यांसमोर धरला. कागद हलत होता, म्हणून तिने खालचं टोक धरलं. चिरंजीव वसुंधरेस आशीर्वाद विशेष, असं त्यांनी सुरू केलं. आवाज भाऊंसारखा काढायचा प्रयत्न केला नाही. तू गेलीस ते योग्य केलेस. जखमी माणसाची सेवा हाच धर्म. केळी यंदा बरी आहेत. खोडलेल्या ओळीपाशी आले, आणि थांबले नाहीत. तीही वाचली.